परसातील कारखाना : घरी घडविलेल्या मोटारींचा व मोटारसायकलींचा वृत्तांत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मजकडे लेख मागितला, त्या वेळी आपल्या ज्ञातीचा उगम, कुलदैवते अथवा जुन्या सनदा यांपैकी एखाद्या विषयावर मी लिहावे अशी मंडळाची अपेक्षा असावी. त्या विषयांवर मजहून अधिकारी अशा गृहस्थांनी मागील अंकांतून पुष्कळ लिहिले आहे. मी आयुष्यभर मुलांस इतिहास व गणित शिकविले. तेव्हा इतिहासातीलच, परंतु शाळेच्या पुस्तकात कधी न येणारे असे एक प्रकरण सांगण्याचे योजिले आहे. घराच्या परसात, गोठ्यात, शेजाऱ्याच्या पडवीत मोटारी व मोटारसायकली स्वहस्ते घडवून त्या शर्यतीत पळविण्याचा जो छंद युरोपात व न्यूझीलंडात काही कुटुंबांनी जोपासला, त्याचे हे प्रकरण आहे. परदेशची ही हकीकत आपल्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. लोखंड आणि लाकूड या दोन वस्तूंवर ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या पोट भरले, अशा कुटुंबांची ही संस्था आहे. त्यांस ही हकीकत परकी वाटू नये, एवढेच माझे उत्तर आहे.

माझ्या लहानपणी बैलगाडीच्या चाकास धाव बसविण्याचे काम आमच्या दारात होत असे. सुताराने तुंबा, आरे व पुठ्ठे जुळवून चाक तयार करावयाचे आणि लोहाराने त्यावर लोखंडी धाव चढवावयाची, अशी कामाची वाटणी असे. गोवऱ्यांचा वर्तुळाकार जाळ रचून धाव लाल होईपर्यंत तापवीत, तिघे-चौघे सांडश्यांनी उचलून ती चाकावर ठेवीत, घणाचे घाव घालून बसवीत आणि लगेच घागरीच्या घागरी पाणी ओतीत. वाफेच्या लोटातून लाकूड करकरत असे. लोखंड आकसून सारे चाक आवळून धरी. धाव किती आखूड ठेवावयाची याचे माप माझ्या वडिलांच्या डोळ्यांत होते. थोडी सैल राहिली तर उन्हाळ्यात निसटे, फार आवळली तर आरे मोडत. शर्यतीचा हलका छकडा करावयाचा असला म्हणजे तर या मापाची खरी परीक्षा. वजन कमी करावयाचे, परंतु मजबुती जाऊ द्यावयाची नाही! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींस मनाई केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदे ग्राह्य ठरविले, हे सर्वांस ठाऊकच आहे. छकडा हलका कसा करावा हा जो प्रश्न आमच्या दारात होता, तोच प्रश्न पुढील सर्व माणसांपुढे होता.

आरंभ एका धर्मोपदेशकाच्या घरापासून करतो. इंग्लंडात हेरफर्डशायर परगण्यातील स्टोक लेसी या खेड्याचे धर्मोपदेशक रेव्हरंड मॉर्गन यांचा मुलगा हेन्री फ्रेडरिक स्टॅन्ले मॉर्गन यास यंत्रांचा नाद होता. माल्व्हर्न येथे त्याने गॅरेज काढले. प्यूजो कंपनीचे दोन सिलिंडरांचे एंजिन त्याजपाशी होते. ते मोटारसायकलीस जोडावे असा प्रथम विचार होता, परंतु मोटारसायकलीची त्यास फारशी आवड नव्हती. तेव्हा त्याने पोलादी नळ्यांचा सांगाडा करून पुढे दोन व मागे एक अशा तीन चाकांची गाडी योजिली. योजना झाली, परंतु ती घडविण्यास पुरेशी हत्यारे नव्हती. ती उणीव माल्व्हर्न कॉलेज या शाळेने भरून काढली. तेथे स्टीफन्सन-पीच नावाचे यंत्रविद्येचे मास्तर होते. त्यांनी आपल्या शाळेची कार्यशाळा या तरुणास वापरू दिली व स्वतः हातभारही लावला. अशा रीतीने १९०९ साली पहिली मॉर्गन गाडी एका शाळेत जन्मास आली. ही ओळ मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. त्याचे कारण पुढे येईल.

मुलाच्या या उद्योगास पैसा पुरविला तो धर्मोपदेशक बापाने. हा वृद्ध गृहस्थ उंच टोपी व लांब कोट अशा पोशाखात मोटारींच्या प्रदर्शनांस हजेरी लावी. १९१२ साली हेन्री मॉर्गनने ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर एका तासात साठ मैलांच्या जवळपास अंतर तोडले. त्याची बहीण डोरोथी हीदेखील मॉर्गन गाडी घेऊन स्पर्धांत उतरत असे. बाप पैसा देई, मुलगा गाडी घडवी व हाकी, बहीण स्पर्धेत भाग घेई. सारे घरच त्या गाडीत बसले होते म्हणावयाचे. हा कारखाना पुढे मुलाकडून नातवाकडे असा घराण्यातच राहिला आणि २०१९ साली त्यातील बहुतांश मालकी बाहेर गेली. मॉर्गन गाडीच्या शरीराचा सांगाडा ॲश नावाच्या लाकडाचा करण्याची चाल मात्र मोडली नाही, हे सुतारकामाचा वारसा सांगणाऱ्या कुटुंबांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परंतु या छंदास गरिबांच्या व मध्यमवर्गाच्या घरात आणून सोडले ते ऑस्टिन सेव्हन या लहानशा मोटारीने. १९२२ साली हर्बर्ट ऑस्टिन याने ती बाजारात आणली. कंपनीच्या संचालकांस ही कल्पना पसंत नव्हती. म्हणून ऑस्टिनने स्टॅन्ले एज नावाचा एक अठरा वर्षांचा नकाशे काढणारा मुलगा आपल्या बंगल्यावर आणून ठेविला व बिलियर्ड खेळण्याच्या खोलीत बसून गाडीचे आराखडे करविले. १९३९ पर्यंत या जातीच्या सुमारे २,९०,००० गाड्या तयार झाल्या. एंजिन अवघे ७४७ घनसेंटिमीटरचे, सांगाडा अगदी साधा, इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचा. एवढ्या गाड्या म्हटल्यावर दहा-पंधरा वर्षांत भंगारात त्यांचा ढीग पडणार हे उघड होते. चार पाने विकत घेऊन वरचा पत्रा काढून टाकावा, सांगाडा खाली घ्यावा, एंजिनाचे पोट साफ करून त्यास अधिक श्वास घेऊ द्यावा, आणि जे काही बनेल त्यास ‘स्पेशल’ म्हणावे, हा इंग्लंडातील तरुणांचा आवडता उद्योग झाला. या गाडीच्या भक्तांनी १९३९ साली ‘७५० मोटर क्लब’ स्थापन केला. तो अद्याप चालू आहे.

या भंगारातून केवढी मोठी माणसे वर आली! कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकामशास्त्राचा विद्यार्थी होता. हेझल विल्यम्स या आपल्या वाङ्‌निश्चयापूर्वीच्या मैत्रिणीच्या आईबापांच्या घरामागील पडवीत त्याने जुनी ऑस्टिन सेव्हन खोलली, आणि विमानाच्या बांधणीत वापरतात त्या पद्धतीने प्लायवूडचे शरीर तिला चढविले. १९४८ साली ती पूर्ण झाली. तिला त्याने लोटस हे नाव दिले. चिखलाच्या चढणींवर होणाऱ्या स्पर्धांत तो व हेझल दोघे मिळून ती गाडी घेऊन जात. १९५२ साली कंपनी काढण्यास हेझलने पंचवीस पौंड उसने दिले. दोन वर्षांनी त्यांचा विवाह झाला. कंपनीची पहिली जागा म्हणजे चॅपमनच्या वडिलांच्या हॉटेलामागचा जुना तबेला. त्या तबेल्यातून निघालेल्या नावाने पुढे १९६३ ते १९७८ या काळात मोटारशर्यतींचे जागतिक उत्पादक-विजेतेपद सात वेळा मिळविले. घरी मोटार जोडणाऱ्यांस पुढे लोटसने सुटे भाग विकले. पूर्ण गाडीवर विक्रीकर असे, सुट्या भागांवर नसे. मात्र जोडणीच्या सूचना सोबत दिल्या तर कर लागे. तेव्हा चॅपमनने जोडणीच्या सूचना न देता ‘गाडी कशी खोलावी’ याच्या सूचना दिल्या व गिऱ्हाइकांनी त्या उलट क्रमाने वाचाव्यात असे ठेविले, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडील हिशेबनीसांनीही टोपी काढावी अशी ही युक्ती होय.

आता कूपर पितापुत्रांकडे वळतो. या प्रकरणातील खरा गाभा तोच आहे.

लंडनलगतच्या सर्बिटन गावी चार्ल्स कूपर याचे साधे गॅरेज होते. के डॉन या नामांकित शर्यतवीराच्या गाड्यांची देखभाल त्याने केलेली होती, म्हणजे जन्म दुसऱ्याच्या गाड्या ठाकठीक करण्यात गेलेला. त्याचा मुलगा जॉन १९२३ सालचा. जॉन बारा वर्षांच्या आसपास असताना बापाने त्यास ऑस्टिन सेव्हनचे भाग घेऊन एक लहान शर्यतीची गाडी करून दिली. पुढे दुसरे महायुद्ध आले व संपले. ब्रुकलँड्सची धावपट्टी कायमची बंद झाली होती, पेट्रोल मोजून मिळत होते (ते नियंत्रण इंग्लंडात मे १९५० पर्यंत चालले), आणि शर्यतीची गाडी विकत घेणे हे फक्त श्रीमंतांचे काम होते. अशा वेळी ब्रिस्टल येथील काही हौशी मंडळींनी एक साधा विचार मांडला : मोटारसायकलीचे ५०० घनसेंटिमीटरचे एंजिन ज्याच्या-त्याच्या आवाक्यात आहे, तेव्हा तेच एंजिन घालून छोट्या मोटारी कराव्यात व त्यांच्या शर्यती भरवाव्यात.

कूपर पितापुत्रांनी जॉनचा बालमित्र एरिक ब्रँडन यास सोबत घेऊन १९४६ साली हे काम हाती घेतले. पैसा फार नव्हता. त्यांनी फियाट कंपनीच्या टोपोलिनो या लहान मोटारीचे पुढचे अर्धे घेतले आणि तसलाच दुसरा पुढचा अर्धा उलटा फिरवून त्यास मागून जोडला! टोपोलिनोच्या पुढच्या चाकांस आडव्या पाट्याच्या स्प्रिंगची स्वतंत्र झोळी होती. दोन पुढचे भाग पाठीस पाठ लावून जोडल्यामुळे चारही चाके स्वतंत्रपणे वरखाली होऊ लागली. असली सोय त्या काळी मोठमोठ्या गाड्यांसही क्वचितच होती. एंजिन ‘जॅप’ कंपनीचे, एका सिलिंडराचे. ते ठेवावे कोठे? मोटारसायकलीच्या एंजिनाची शक्ती मागच्या चाकास साखळीने जाते. साखळी जितकी आखूड तितकी बरी. म्हणून एंजिन चालकाच्या पाठीमागे, मागील आसाच्या लगत बसविले. यामागे फार मोठे शास्त्र नव्हते. जवळ जे होते ते कसे बसेल, एवढाच हिशेब होता.

परंतु एंजिन मागे गेल्याबरोबर पुष्कळ गोष्टी आपोआप साधल्या. एंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत चालकाच्या खालून जाणारा लांब दांडा नाहीसा झाला. त्यामुळे चालकास जमिनीलगत बसविता आले. त्यामुळे गाडीची उंची घटली व वाऱ्याचा अडथळा कमी झाला. वजन तर घटलेच. वळणावर गाडी हलक्या हाताने फिरू लागली. शेजाऱ्यांनी व स्पर्धकांनी तशीच गाडी मागितली, आणि सर्बिटनच्या गॅरेजचा कारखाना झाला. स्टर्लिंग मॉस या अठरा वर्षांच्या मुलाने १९४८ साली कूपर गाडी घेतली. १९५० साली या लहान गाड्यांच्या वर्गास ‘फॉर्म्युला तीन’ अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

मोठ्या शर्यतीतील मोठ्या कंपन्या या काळात हसत होत्या. घोडा गाडीच्या पुढे असावा, मागे नव्हे, असे इटलीतील फेरारीचे मत सांगितले जाते. १९५८ साली अर्जेंटिनाच्या शर्यतीत त्याच मॉसने मागे एंजिन असलेली लहानशी कूपर पळवून बड्या गाड्यांस मागे टाकले. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत मागे एंजिन असलेल्या गाडीचा हा पहिला विजय होय. १९५९ व १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबहॅम कूपर गाडीतून जगज्जेता झाला. १९५९ सालची अखेरची शर्यत अमेरिकेत सेब्रिंग येथे होती. शेवटच्या फेरीत ब्रॅबहॅमचे पेट्रोल संपले, आणि त्याने खाली उतरून गाडी ढकलत ढकलत अंतिम रेषेपार नेली. तो चौथा आला व तेवढ्याने अजिंक्यपद त्याच्याकडे राहिले. पुढील काही वर्षांत फेरारीसह सर्व कारखान्यांनी घोडा मागे बांधला, आणि आजतागायत तो तेथेच आहे. चार्ल्स कूपर १९६४ साली वारला. जॉन २००० सालापर्यंत हयात होता. १९६१ पासून ज्या लहान ‘मिनी’ मोटारीस कूपर हे नाव जोडले गेले, ती आपल्या मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरही दिसते. तिच्या मालकांस तरी हे नाव कोणाचे ते ठाऊक असेल काय, कोण जाणे.

सेब्रिंगची ती शर्यत जिंकली कोणी? कूपरच्याच दुसऱ्या गाडीत बसलेल्या बावीस वर्षांच्या ब्रूस मॅक्लारेनने. न्यूझीलंडातील ऑकलंड शहरी त्याच्या आईबापांचे पेट्रोलचे ठाणे व दुरुस्तीची जागा होती. नवव्या वर्षी त्याच्या कमरेच्या सांध्यास विकार जडला. जवळजवळ दोन वर्षे तो अंथरुणाला खिळून होता, आणि उठला तेव्हा डावा पाय आखूड राहिला तो कायमचा. वडील लेस यांनी सुट्या तुकड्यांच्या स्थितीत एक जुनी ऑस्टिन सेव्हन घेतली होती. पितापुत्रांनी मिळून ती जोडली. १९५२ साली पंधरा वर्षांचा ब्रूस तीच गाडी घेऊन चढणीच्या स्पर्धेत उतरला. मैदानावर पळणे ज्याच्या नशिबी नव्हते त्या मुलास बापाने चार चाके दिली, असेच म्हणावे लागेल. १९६३ साली त्याने स्वतःचा संघ काढला आणि १९६८ साली स्वतःचे नाव असलेल्या गाडीतून बेल्जियमची शर्यत जिंकली. २ जून १९७० रोजी इंग्लंडात गुडवुड येथे नव्या गाडीची चाचणी घेताना तो अपघातात मृत्यू पावला. त्या वेळी त्याचे वय बत्तीस होते. ती पहिली ऑस्टिन मॅक्लारेन कंपनीने जपून ठेविली आहे. या छंदाने घरे उभी केली, तशी काही घरांतील माणसेही नेली, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या पालकांच्या मुलांस असा नाद असेल त्यांनी तो बंद मैदानावर, शिरस्त्राणासह पुरवावा. सार्वजनिक रस्ता हे त्याचे ठिकाण नव्हे.

मोटारसायकलीच्या बाबतीत न्यूझीलंडच्याच बर्ट मन्रो याची हकीकत आता चित्रपटामुळे अनेकांच्या कानावर आली आहे. २००५ च्या त्या चित्रपटाच्या नावात ‘इंडियन’ शब्द आहे, म्हणून आपल्याकडील काही तरुणांचा गैरसमज झालेला मी पाहिला आहे. ‘इंडियन’ हे अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील मोटारसायकलीच्या कंपनीचे नाव होय. आपल्या देशाशी त्याचा संबंध नाही. मन्रो १८९९ सालचा, इन्व्हरकारगिल गावचा रहिवासी. १९२० साली त्याने ६०० घनसेंटिमीटरची नवी इंडियन स्काउट विकत घेतली. ती ताशी ५५ मैल जाई. तेवढ्याने त्याचे समाधान होईना, आणि पुढील जवळजवळ पन्नास वर्षे तो त्याच एका गाडीवर काम करीत राहिला.

त्याच्यापाशी धड यंत्रसामग्री नव्हती. जुन्या डब्यांचे साचे करून तो पिस्टन ओती. एंजिनातील जोडदांडे त्याने ट्रॅक्टरच्या जुन्या आसातून कापून, कानसून काढले व त्यांस स्वतः पाणी दिले. ‘पाणी देणे’ म्हणजे काय हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. विळ्यास, कुऱ्हाडीस पाणी देताना रंग पाहून लोखंड कोणत्या क्षणी बुडवावयाचे ते ज्यांनी पाहिले आहे त्यांस मन्रोच्या पडवीतील सारी दृश्ये डोळ्यांपुढे दिसतील. टायरांची नक्षी त्याने स्वयंपाकघरातील सुरीने कापून गुळगुळीत केली. जे भाग मोडले ते त्याने टाकले नाहीत. भिंतीवरील फळीवर ते मांडून वर पाटी लाविली : ‘वेगाच्या देवास नैवेद्य’. खंडेनवमीस हत्यारांची पूजा करणाऱ्या आपल्या घरांत ही पाटी कोणासही वेडगळ वाटणार नाही. त्याच्या संसाराची मात्र या नादापायी ओढाताण झाली, घटस्फोट झाला, आणि पुढे तो त्या पडवीतच राहू लागला. ही बाजू चित्रपटात फारशी येत नाही.

अमेरिकेत यूटा राज्यात बॉनव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण सपाट मैदान आहे. तेथे १९६२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याने ताशी १७८.९७ मैलांचा आपल्या वर्गातील विक्रम केला. १९६७ साली, अडुसष्टाव्या वर्षी, १००० घनसेंटिमीटरखालील वर्गात १८३.५८६ मैलांचा विक्रम त्याच्या नावे नोंदला गेला. म्हणजे ज्या गाडीस कारखान्याने ५५ मैल दिले होते, तीस त्याने हाताने आणखी सव्वाशेहून अधिक मैल दिले! आता गणिताच्या मास्तरास भावणारी गोष्ट. असा विक्रम दोन्ही दिशांनी धावून, दोहोंची सरासरी काढून मोजतात. मन्रो १९७८ साली वारला. त्यानंतर कित्येक वर्षांनी त्याच्या मुलाने, जॉन मन्रोने, त्या दिवसाचे आकडे पाहिले असता सरासरी काढण्यात चूक झाल्याचे त्याच्या ध्यानी आले. त्याने अमेरिकेतील संघटनेस कळविले. संघटनेने आकडेमोड पुन्हा केली व २०१४ साली, बापाच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, विक्रम १८४.०८७ मैल असा दुरुस्त करून लिहिला. फरक अर्ध्या मैलाचा; परंतु बापाच्या कष्टांतील अर्धा मैलही हिशेबाबाहेर राहू नये असे त्या मुलास वाटले.

त्याच देशातील क्राइस्टचर्चचा जॉन ब्रिटन यास वाचनलेखनाचा जन्मजात अडथळा होता. असली मुले आपल्या वर्गांतून ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसविली जात. मीही बसविली आहेत. या माणसाने मोजक्या मित्रांच्या साहाय्याने कार्बनच्या धाग्यांची, स्वतः आखलेल्या एंजिनाची मोटारसायकल घरच्या जागेत घडविली आणि १९९० नंतरच्या काळात बड्या कारखान्यांच्या गाड्यांशी टक्कर देऊन दाखविली. तशा दहा गाड्या झाल्या. १९९५ साली कर्करोगाने तो पंचेचाळिसाव्या वर्षी गेला.

आपल्याकडे असे कोणी झालेच नाही, असे नव्हे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच्या खटपटीने घडविली व तिच्यात अनेक वर्षे सुधारणा केल्या. तिचा कारखाना मात्र उभा राहू शकला नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील लोहारकाम करणाऱ्या एका गृहस्थांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातील सामानातून एक चिमुकली चारचाकी केली. ती मोटारसायकलीप्रमाणे पायाने किक मारून चालू होई. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चित्रण सर्वत्र पसरले. महिंद्र उद्योगसमूहाच्या प्रमुखांनी ती पाहिली. नियमांत बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या रस्त्यावर अडविली जाईल, असे म्हणून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली व जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. सौदा चांगला झाला आणि त्या कुटुंबाचे भले झाले, याचा आनंद आहे. तरी माझ्या मनात एक शंका राहते. त्या गृहस्थांस बोलेरोऐवजी एक चांगला लेथ, वेल्डिंगचा संच आणि गाडी तपासून घेण्याची सोपी वाट मिळाली असती, तर दुसरी गाडी कशी झाली असती? २००७ पासून आपल्या देशात ‘बाहा’ नावाची स्पर्धा भरते व तीत अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या खडकाळ मैदानावर पळवितात. परंतु त्यासाठी आधी अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला पाहिजे. ज्याच्या हातात कसब आहे पण टक्केवारी नाही, त्याने कोठे जावे?

हा प्रश्न मी आपल्या संस्थेलाच विचारतो. आपल्या वधूवर मेळाव्यांत मी गेली काही वर्षे नोंदणीच्या मेजावर बसतो. ‘मुलगा नोकरीचा हवा, भट्टीवरचा नको,’ हे वाक्य मी तेथे इतक्या वेळा ऐकले आहे की, आता ते मीच उपवरांच्या पित्यांस आधी सांगून मोकळा होतो. हे वाक्य बोलणाऱ्यांच्या घरी दोन पिढ्यांपूर्वी भाता होता. माझ्याही वडिलांनी मला भात्याजवळ बसू दिले नाही. ‘तू वही धर,’ असे ते म्हणत. त्यांच्या तळहातावरील घट्टे पाहता त्यांची चूक झाली असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्यांनी मला मॅट्रिकपर्यंत शिकविले, मास्तर केले. त्यांच्याबरोबर धावेचे माप गेले. संस्थेच्या वसतिगृहात अभ्यासिका आहे, ती चांगली आहे. तळमजल्यावरील मागची खोली बरीच वर्षे खुर्च्या ठेवण्यास वापरली जाते. तेथे एक पकडमेज, एक जुना लेथ, कानशींचा संच व रविवारी येऊन बसणारे एखादे निवृत्त ज्ञातिबंधू, इतके झाले तरी आरंभास पुरे. मास्तर स्टीफन्सन-पीच यांजपाशी याहून फार वेगळे काही नव्हते. कार्यकारी मंडळाच्या पुढील सभेत मी हा विषय लेखी मांडणार आहे व पहिल्या खर्चास माझ्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति रक्कम देणार आहे.

वर ज्या कारणाचा उल्लेख केला ते सांगून लेखणी ठेवतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझ्या वर्गात आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा होता. मोटारीच्या गॅरेजमधून टाकून दिलेली बेअरिंगे आणून, फळीस आस ठोकून त्याने गाडी केली होती व शाळेजवळच्या उतारावर तो ती पळवी. इतर मुलांच्या बेअरिंगच्या गाड्या दोरीने वळत. याने पुढच्या आसास लाकडी दट्टा बसवून सायकलीचे हँडल जोडले होते. दोन मुलांची शर्यत लागली, एकाचा गुडघा फुटला, पालकांची तक्रार आली. मी त्या मुलास वर्गासमोर छड्या मारल्या आणि गाडी जप्त करून अडगळीच्या खोलीत टाकली. पुढल्या वर्षी तो शाळेत आला नाही. त्यानंतर कधी भेटला नाही.

गेल्या उन्हाळ्यात, हा लेख लिहावयाचे ठरल्यावर, मी त्या शाळेत गेलो व मुख्याध्यापिकाबाईंस विनंती करून ती खोली उघडवून घेतली. मोडक्या बाकांखाली फळी सापडली. बेअरिंगे व हँडल कोणी काढून नेले होते. दट्ट्यासाठी पाडलेले भोक मात्र शाबूत होते. खिशातली पट्टी काढून मी दोन्ही कडांपासून त्याचे अंतर मोजले. दोन्हीकडे सारखे भरले. फळी आता माझ्या घरी आहे.